चेटकीण, मेंढ्या आणि सहा इंची चोर: ‘द वी फ्री मेन’ कोणी वाचलंय का?

तापीकाठ
टेरी प्रॅचेटचं ‘द वी फ्री मेन’ वाचून संपवलं. पुस्तक २००३ सालचं, म्हणजे माझी गाडी नेहमीसारखी लेट. घरात भाचरांशिवाय ऐकून घेणारं कोणी नाही, म्हणून आपल्या खान्देशी कट्ट्यावर धागा काढतेय. वाचलं असेल त्यांनी मोकळेपणाने लिहा, शिव्या घातल्या तरी चालतील.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. टिफनी एकिंग ही नऊ वर्षांची मुलगी. घरी मेंढ्या, आणि लोणी-चीज करायचं काम हिच्या गळ्यात. धाकटा भाऊ वेंटवर्थ, सदा चिकट हातांचा आणि सदा गोळ्या-चॉकलेट मागणारा. एक दिवस ओढ्यातून हिरव्या दातांची हडळ डोकं वर काढते. ही पोरगी घरी जाते, गोष्टीच्या पुस्तकात त्या हडळीचे डोळे ‘सूपच्या बशीएवढे’ लिहिलेत म्हणून चक्क बशी मोजून बघते. आठ इंच. खात्री पटली की भावाला खाऊ देऊन ओढ्याकाठी आमिष म्हणून बसवते, आणि हडळ वर आली रे आली की लोखंडी तवा तोंडावर हाणते. मी तिथेच विकले गेले.

पुढे परीराणी वेंटवर्थला पळवते आणि त्याला सोडवायला टिफनीच्या मदतीला येतात नॅक मॅक फीगल. सहा इंच उंची, निळं अंग, लाल केस, चोरी-मारामारी-दारू यातलं काहीही वर्ज्य नाही. त्यांची पक्की समजूत अशी की आपण मागच्या जगात मेलो आणि हा स्वर्ग आहे. नाहीतर इतकं ऊन, चोरायला इतका माल आणि भांडायला इतकी माणसं एका ठिकाणी मिळतात कुठे?

भाच्याने दुसऱ्या दिवशी मांडणीवरची सगळी ताटं पट्टीने मोजली. त्याची आजी अजून माझ्यावर डाफरतेय.

माझी तक्रार एकच, परीराणीच्या देशातला स्वप्नांचा भाग फार ताणलाय. बोला.

खापरावरचा_मांडा
पहिला नंबर माझा. वाचलेलं नाही. पण चोरी, मारामारी, दारू आणि आपण स्वर्गात आहोत अशी समजूत, हे आमच्या गल्लीचं वर्णन परवानगी न घेता छापलंय.

कोर्टाची_पायरी
ताई, धागा काढल्याबद्दल आभार. पेशाने वकील असल्यामुळे या पुस्तकाने माझा वैयक्तिक अपमान केला आहे आणि मी तो हसत हसत सोसला आहे.

फीगल कशालाच भीत नाहीत. राक्षस, भुतं, परीराणीचे शिकारी कुत्रे, कोणी येवो. भीतात ते फक्त वकिलाला आणि लिहिलेल्या कागदाला. कागदावर आपलं नाव चढलं की संपलं, अशी त्यांची धास्ती. वकील जवळ आला की त्यांची तलवार निळी चमकते! कोर्टाच्या आवारात स्टॅम्पपेपरवर अंगठा उठवताना थरथरणारे पक्षकार मी रोज बघतो. त्यांच्याकडे चमकणारी तलवार नसते एवढाच फरक.

आणि तो बेडूक. आधी तो वकील होता, परीच्या भानगडीत पडून बेडूक झाला, आणि शेवटी फीगलच्या बाजूने उभा राहतो. आमच्या बार रूममध्ये हा प्रसंग वाचून दाखवला. एक ज्येष्ठ म्हणाले, बेडूक झाल्यावर तरी फी वेळेवर मिळते का ते विचार.

नववीतली
मला मोठ्यांच्या धाग्यात लिहायला आवडत नाही पण या पुस्तकावर लिहिणार.

एक, टिफनीने पूर्ण डिक्शनरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलीये, कारण ती तशी वाचायची नसते हे तिला कोणी सांगितलंच नाही. मीपण केलंय हे, ‘क’ पर्यंत.

दोन, ती म्हणते की गोष्टी सगळ्या सोनेरी नाहीतर लाल केसवाल्यांच्याच असतात, आणि तपकिरी केसवालीला काही कामच नसतं. आमच्या गॅदरिंगच्या नाटकात मी दरवर्षी झाड असते.

तीन, मला खूप राग आला तो शेवटाचा. सगळं केलं टिफनीने. बॅरनच्या, म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या मुलाला, त्या रोलंडला, तिनेच सोडवून आणलं. आणि गावात नाव कोणाचं? रोलंडचं. त्याच्या बापाने ठरवलं की मुलानेच मुलीला वाचवलं असणार. आणि ती फारसं भांडतही नाही!! मला भांडायला हवं होतं.

आणि ताई, स्वप्नांचा भाग अजिबात लांबलेला नाही. तो बेस्ट आहे. कुठून जागं झालो आणि कुठून नाही तेच कळत नाही, मी दिवा लावून झोपले.

तापीकाठ
@नववीतली, दिवा लावून झोपलीस म्हणजे लेखक जिंकला, माझी तक्रार अर्धी मागे. रोलंडच्या बाबतीत मला उलट वाटलं. जिला खरं माहीत आहे आणि ज्याला खरं माहीत आहे, ते दोघं एकमेकांसमोर उभे राहतात आणि तो पोरगा ओशाळतो. पुढे बॅरन झाल्यावर नीट वागावं लागेल, वर डोंगरात आपल्यावर लक्ष ठेवणारी कोणी आहे, हे त्याच्या मनात तिथेच पक्कं बसतं. जाहीर सत्कारापेक्षा हे जास्त टिकाऊ.

नववीतली
पटलं नाही. सत्कारपण पाहिजे.

साक्रीकर
मी फक्त मेंढ्यांवर बोलणार. बाकी चालू द्या.

आमच्या साक्री भागात ठेलारी मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांचे तळ, पाहत लहानाचा मोठा झालो. कापूस वेचून झाला की पऱ्हाटीत मेंढ्या चरायच्या, रात्री वावरात बसवायच्या. शेताला लेंडीखत, त्यांना धान्य आणि वर थोडे पैसे. आम्हा पोरांना रात्री वाड्याशी जायची बंदी होती, म्हणून आम्ही जायचोच. त्यामुळे इंग्रज माणूस मेंढ्यांवर काय लिहिणार असं म्हणत पुस्तक उघडलं.

या माणसाला मेंढरू माहीत आहे. तो इंग्लंडात विल्टशरकडे राहायचा, तिकडचे चुनखडीचे गवताळ डोंगर त्याने जसेच्या तसे उचललेत. टिफनीची आजी, ग्रॅनी एकिंग, गोष्ट सुरू होते त्याआधीच गेलेली आहे, तरी पुस्तकभर तीच दिसते. डोंगरावर लोखंडी चाकांची झोपडी, थंडर आणि लाइटनिंग ही दोन कुत्री, स्वस्तातला तंबाखू आणि तोंडात मोजके शब्द. उन्हाळ्यातल्या लहान पांढऱ्या ढगांना तिकडचे लोक ग्रॅनीची कोकरं म्हणतात.

बॅरनच्या कुत्र्याने मेंढी मारली, तो प्रसंग आठवा. कायद्याने कुत्र्याला मारायलाच हवं. ग्रॅनी त्याला मेंढी आणि तिच्या कोकरासोबत कोंडते. नुकती व्यालेली मेंढी काय चीज असते ते ज्याने बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. पाय आपटते, मान खाली घालते आणि कुत्रं असो की माणूस, धडक देते. त्या कुत्र्याने पुन्हा मेंढीकडे बघितलं नाही.

पण मला थांबवलं ते तिच्या मातीच्या प्रसंगाने. तिला डोंगरातच पुरतात, लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून, आणि घोंगडीला कच्च्या लोकरीचा एक पुंजका टाचतात. का, तर वर जे कोणी देव असतील त्यांना कळावं की ही मेंढपाळ होती, हिला विण्याच्या हंगामात देवळात यायला सवड नव्हती, समजून घ्या. विनोदी पुस्तकात हे वाक्य येतं आणि तुम्ही हसताही, आणि पुढचं पान लगेच उलटवत नाही.

पुण्यातला_खान्देशी
साक्रीकर, सुंदर. ग्रॅनी वाचताना मला सारखी बहिणाबाई चौधरींची आठवण येत होती. अक्षरओळख नाही, पण शेत, जनावरं आणि माणसं सगळी तोंडपाठ.

कोर्टाची_पायरी
आली! मी मनात पैज लावली होती की विसाव्या प्रतिसादाच्या आत बहिणाबाई येणार.

साक्रीकर
पुण्यातले भाऊ, राग नको, पण नाही जमत. बहिणाबाई बोलत्या होत्या. जात्यावर, चुलीपाशी, वावरात त्यांना ओवी सुचायची, मुलाने उतरवून घेतल्या म्हणून १९५२ मध्ये आपल्या हाती आल्या. ग्रॅनी गप्प राहणारी आहे. टिफनी आणि ती दिवसच्या दिवस डोंगरावर न बोलता काढतात. दोघी शहाण्या म्हाताऱ्या, एवढ्यावरून एका दावणीला बांधू नका.

जुना_वाचक
अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते, आम्ही त्या गावचे. आमच्या पिढीला लहानपणी पुस्तक म्हणजे हुंदके देण्याची सोय असे वाटत असे. त्यामुळे नातीने हे पुस्तक हाती दिले तेव्हा मुलांच्या पुस्तकात इतका वात्रटपणा असतो याचेच आधी नवल वाटले. चांगले वाटले हेही सांगतो. लेखक कुठेही बोट उगारून उपदेश करत नाही.

परंतु दोन आक्षेप. फीगल मंडळी शेकड्याने आहेत आणि त्यांतील चार-दोन सोडता बाकीचे एकाच साच्यातून काढलेले. रॉब एनीबडी कळतो, बावळट वुली कळतो, गाणारा विल्यम कळतो. पुढे नुसता गोंधळ. दुसरे असे की ते डोके आपटून मारामारी करतात हा विनोद पहिल्या वेळी हसवतो, दहाव्या वेळी मी चष्मा पुसत होतो.

टिफनी आणि लग्नाची अट हा प्रसंग मात्र लाजवाब. टोळीची राणी मरते, टिफनीला तात्पुरती राणी व्हावे लागते आणि रिवाजाप्रमाणे नवरा निवडावा लागतो. ती बिचाऱ्या रॉबला निवडते आणि तारीख देते ती अशी: जगाच्या टोकाला मैलभर उंचीचा ग्रॅनाइटचा डोंगर आहे, वर्षातून एकदा एक पाखरू येऊन त्यावर चोच घासते, डोंगर झिजून वाळूच्या कणाएवढा झाला की त्या दिवशी लग्न. रिवाज मोडला नाही, कोणाचा अपमान नाही, आणि रॉबचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे स्थळ नाकारायला ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात, त्याच्या फार वरचे हे.

केळीबाग
सगळे कौतुक करताय म्हणून विरोधी सूर लावतो. मी रावेरकडचा, मुलगी दहा वर्षांची. पुस्तक तिच्या मामाने पाठवलं. मी आधी चाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

कारण सांगतो. नायिकेला मोठेपणी चेटकीण व्हायचंय. शिकवायला येणारी बाई चेटकीण. मेलेली आजी, तीही चेटकीणच असावी. लंडनच्या मुलांसाठी ही नुसती टोकदार टोपी असेल. आपल्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथे ‘डाकीण’ ठरवून बाईला मारतात, गावाबाहेर काढतात, हे पेपरात येतं की नाही? शाळेतून पोरगी शिकून येते की असं काही नसतं, आणि घरी आम्ही तिला चेटकिणीची गंमतगोष्ट द्यायची? मला हा पाश्चात्त्य खेळ इथे गैरलागू वाटतो.

खापरावरचा_मांडा
मंडळी, तुमच्या नादाने अर्धं वाचलं. मास्तरांची जत्रा भारी आहे! फिरते मास्तर गावोगाव तंबू ठोकतात आणि लोक गाजरं-अंडी देऊन व्याकरण शिकून घेतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या शेजारी असा एक तंबू पाहिजे. मी दोन किलो वांगी घेऊन इंग्रजीसाठी रांगेत उभा राहीन.

केळीबाग भाऊ, तुमचा मुद्दा वजनदार आहे, त्याला उत्तर देणारा मी नव्हे.

अक्राणीचीबाई
मी उत्तर देते, पण केळीबागदादांच्या विरोधात लिहितेय असं धरू नका.

धडगाव भागातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. मुलं घरी पावरी नाहीतर भिलोरी बोलतात. पुस्तक इंग्रजी, म्हणून रोज संध्याकाळी थोडं थोडं माझ्या शब्दांत मराठीत सांगितलं. उलटी पळणारी मेंढी (चार पायांखाली चार फीगल, उचलून पळवतायत) सांगितली तेव्हा मुलं लोळली. एकाने तर चार पोरं जमवून पाचव्याला तसं पळवून दाखवलं.

मग मिसेस स्नॅपर्ली आली. तुमच्यापैकी कोणी तिच्याबद्दल लिहिलं नाही म्हणून सांगते. एकटी राहणारी म्हातारी, दात नाहीत, स्वतःशी पुटपुटते, घरात मांजर. बॅरनचा मुलगा हरवतो आणि गाव ठरवतं की हिनेच केलं, कारण ती गोष्टीतल्या चेटकिणीसारखी दिसते. घर जाळतात, मांजराला दगडांनी मारतात. तिला कोणी दारात घेत नाही आणि हिवाळ्यात ती बर्फात मरते. आणि हे करणारे परीराणीचे राक्षस नाहीत. टिफनीच्या ओळखीची, एरवी चांगली असणारी माणसं आहेत. टिफनीला चेटकीण व्हायचंय त्यामागे हे आहे.

माझ्या वर्गात कोणी हसलं नाही, कोणी घाबरलंही नाही. सहावीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, ‘मॅडम, मग तिची जमीन कोणी घेतली?’

मी पुस्तक चाळून पाहिलं. जमिनीचं काही नाही त्यात. तिथल्या लोकांनी नुसत्या भीतीपोटी केलं. इथल्या मुलीला मात्र ठाऊक आहे की एकट्या बाईला, विधवेला डाकीण ठरवतात तेव्हा पुष्कळदा मागे वावराचा तुकडा असतो, भाऊबंदकी असते. त्या मुलीच्या प्रश्नापुढे लेखक मला थोडा भोळा वाटला. तरी त्यानेच तो प्रश्न विचारायला जागा करून दिली.

दादा, म्हणून माझं मत असं की तुमच्या मुलीला पुस्तक द्या, पण ते पान तिच्याबरोबर बसून वाचा.

कोर्टाची_पायरी
बाई, दंडवत. वर फार चेष्टा केली, आता कामाचं लिहितो.

जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात २०१३ पासून आहे. डॉ. दाभोलकरांचा ऑगस्टमध्ये खून झाला, लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखाद्या व्यक्तीला करणी करते, जादूटोणा करते असं ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. जमिनीबद्दल त्या मुलीने विचारलं तेच पहिल्यांदा तपासायला हवं. फिर्यादीत भूतबाधा असते, सातबारा उघडला की कारण दिसतं.

केळीबाग
बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मिसेस स्नॅपर्लीचं पान मी चाळताना पाहिलं होतं आणि त्याच पानामुळे पुस्तक वर ठेवलं होतं. माझी अडचण अजून आहे. पुस्तक म्हणतं, ती म्हातारी चेटकीण नव्हती, बिचारी उगाच मेली. आणि त्याच वेळी म्हणतं, खऱ्या चेटकिणी असतात आणि त्या चांगल्या असतात. मग दहा वर्षांची मुलगी काय समजणार? खरी असती तर जाळलं ते चाललं असतं?

अक्राणीचीबाई
हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं गुळगुळीत उत्तर नाही. मी एवढंच बघितलं की पुस्तकातली चेटकीण काम काय करते. ग्रॅनी आजारी मेंढ्या बऱ्या करते, बॅरनला वाकायला लावते, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने बोलते. टिफनी बशी मोजते. अख्ख्या पुस्तकात सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवून वागणारी माणसं म्हणजे चेटकिणी. जादू फार थोडी. वर्गात मी तो शब्दच वापरला नाही, ‘शहाणी बाई’ म्हटलं. दादा, तुमच्या मुलीला मात्र तुम्हाला तो शब्द चुकवता येणार नाही, पुस्तक तिच्या हातात असेल.

साक्रीकर
टिफनीला शिकवायला येणारी चेटकीण, मिस टिक, म्हणते की चुनखडीच्या मऊ जमिनीत चेटकीण उगवत नाही, तिला कठीण खडक लागतो. त्या न्यायाने आपल्या सातपुड्याच्या काळ्या खडकात किती उगवल्या असतील, आणि त्यांचं काय झालं. पुढे लिहीत नाही.

जुना_वाचक
केळीबाग यांचा आक्षेप मला रास्त वाटतो आणि बाईंचा अनुभवही. पुस्तकातील ही फट लेखकालाही जाणवली असावी, कारण पुढील भागांत तो पुन्हा पुन्हा तिकडे वळतो असे नात सांगते.

नववीतली
हो! आजोबांना सांगते, एकूण पाच भाग आहेत. ‘अ हॅट फुल ऑफ स्काय’ २००४, ‘विंटरस्मिथ’ २००६, ‘आय शॅल वेअर मिडनाइट’ २०१० आणि ‘द शेफर्ड्स क्राउन’ २०१५. शेवटचा लेखक गेल्यावर आला, मी तो अजून उघडला नाहीये कारण मग संपेल. चौथ्यात लोक चेटकिणींचा द्वेष करायला लागतात आणि तो द्वेष एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरत जातो. टिफनी तेव्हा मोठी झालेली असते.

तापीकाठ
चौथा भाग मी वाचायला घेतलाय. सुरुवातीलाच मारहाणीचा जो प्रसंग आहे तो लहान मुलांसाठी नाही, हे पालकांना आत्ताच सांगून ठेवते. नववीतली, तू कितवीत असताना वाचलास?

नववीतली
सातवीत. आईला माहीत नाही.

अक्राणीचीबाई
तापीकाठ ताई, चौथा तुमचा वाचून झाला की माझ्याकडे द्याल का? वर्गासाठी नको, मला हवाय. दिवाळीत शहाद्याला येणार आहे.

तापीकाठ
नक्की. पहिलाही घेऊन जा, तुमच्या शाळेच्या कपाटात राहू दे. फक्त भाच्याने बशीच्या पानावर पेनाने ‘आमची २१ सेंमी’ लिहून ठेवलंय, तेवढं चालवून घ्या.

केळीबाग
आमच्याकडे कपाटावरून खाली काढलंय. रविवारी सोबत बसून वाचणार. ती आधीच विचारतेय की तव्याने हडळीला मारल्यावर तव्याला पोचा पडतो का.

खापरावरचा_मांडा
लोखंडी असेल तर नाही. बिडाचा असेल तर तडकतो. अनुभवाचे बोल, कारण विचारू नये.